देवमाशाचं मांस खाणाऱ्यांना रानटी म्हणावं का?

समुद्रकाठी :
माहेर रत्नागिरी, सध्या जपानमधल्या चिबा प्रांतात राहते. प्रांताच्या दक्षिणेला वादा नावाचं बंदर आहे. तिथे उन्हाळ्यात देवमासे धरतात, धक्क्यावर सगळ्यांदेखत कापतात, मांसाचे पट्टे मुरवून उन्हात सुकवतात. त्याला ‘तारे’ म्हणतात. शेजारच्या आजींनी प्रेमाने दिलं, मी खाल्लं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर उत्तर आलं, “शी! रानटी लोक.” हे म्हणणारे माझेच भाऊ, मोरीच्या (शार्कच्या) मटणावर ताव मारणारे!

युद्धानंतरच्या उपासमारीत इथल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणात हेच मांस असायचं. १९४७च्या सुमारास जपान्यांच्या पोटात जाणाऱ्या प्राणिजन्य प्रथिनांपैकी जवळपास निम्मी देवमाशाची होती. आजी त्याच पिढीतल्या. त्यांना रानटी म्हटलेलं मला सहन होत नाही.

दर्यावर्दी :
ताई, रानटी म्हणणं चूकच. पण आजींची भूक आणि आजचा धंदा एकत्र करू नका. १९६२च्या सुमारास जपानात वर्षाला दोन लाख टनांहून जास्त हे मांस खपायचं, आता दोनेक हजार टन. मागणी आटली तरी २०१९ मध्ये जपान देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातून बाहेर पडला आणि व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. त्याआधी ‘संशोधना’च्या नावाखाली अंटार्क्टिकात मारत होते; २०१४ मध्ये हेगच्या न्यायालयाने तो कार्यक्रम थांबवायला लावला. २०२४ मध्ये ‘कांगेई मारू’ हे नवं प्रचंड जहाज आलं, आणि त्याच वर्षी फिन जातीचा देवमासाही शिकारीच्या यादीत घातला. यात वादा बंदराची परंपरा कुठे आली?

कालवण-भाकरी :
खाणाऱ्याचं ताट बघून त्याची लायकी ठरवायची खोड आपल्याला आहेच. २०१५च्या गोवंश कायद्यानंतर आपल्या राज्यात काय काय ऐकलं ते आठवा. ताईंशी सहमत.

दर्यावर्दी :
तो कायदा माणसांमधल्या भांडणाचा. इथे प्रश्न जनावराचा आहे. देवमाशीण काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. बांगड्यासारखी लाखो अंडी घालत नाही.

कालवण-भाकरी :
मोरीही मोजकीच पिल्लं देते हो. ती सोडलीत का?

दर्यावर्दी :
सोडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा मी तिथे होतो. लोक त्याच्यावर पाणी मारत होते. खोल समुद्रात नेऊन सोडलं, तरी वाचलं नाही. त्याचा श्वास मी जवळून ऐकलाय. त्यानंतर मोरी घशाखाली उतरत नाही.

समुद्रकाठी :
दादा, हे वाचून गप्प झाले. एकच सांगते. यामागुची प्रांतातल्या कायोई गावात १६९२ची एक समाधी आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात सापडलेली पिल्लं तिथे पुरलीत. गावच्या देवळातल्या नोंदवहीत देवमाशांना माणसांसारखी मरणोत्तर नावं दिलेली आहेत. मारणाऱ्यांनाही श्वास ऐकू येत होता.

दर्यावर्दी :
ऐकू येऊनही मारलं, हेच मला जड जातं.

समुद्रकाठी :
जहाजाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. योकोहामात २०२३ पासून या मांसाची विक्रीयंत्रं लागली आहेत. तिथून मी घेणार नाही. आजींनी पुन्हा तारे दिलं, तर मात्र दोन्ही हातांनी घेईन.