मदत हवी आहे: आईच्या इनहिबिन बी रिपोर्टबद्दल

आईला (वय 61) ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर (ओव्हरीचा एक दुर्मिळ कॅन्सर) होता. दोन्ही ओव्हरी, गर्भाशय काढून 4 वर्षं झाली. हा आजार 10-15 वर्षांनीही उलटतो, म्हणून दर 6 महिन्यांनी इनहिबिन बी (या गाठीच्या पेशी सोडतात त्या हार्मोनची रक्ततपासणी) करायला सांगितलंय. इथल्या लॅबवाल्याने दोनदा सीए-125 (ओव्हरीच्या नेहमीच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) च करून दिली! गाठ नारळाएवढी होती तेव्हाही ती नॉर्मलच होती, काय उपयोग तिचा?

आता सॅम्पल साताऱ्याहून मुंबईला जातं. यंदा लॅब बदलली, तर आकडा 8 वरून 19. आई रिपोर्टची घडी उशाखाली घेऊन झोपते. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची. लॅब बदलल्याने एवढा फरक पडलाय का कुणाला? जुन्याच लॅबमध्ये पुन्हा करू का? सोबत एएमएच (याच पेशींच्या दुसऱ्या हार्मोनची तपासणी) कुणी करतं का?