मदत हवी आहे: प्रोजेक्टर आणि एलईडी वॉल, दोन्हींसाठी दृश्ये कोणत्या मापात करावीत?

नमस्कार. पुढील महिन्यात नागपुरात आमच्या गटाचा लोकवाद्ये आणि काव्यवाचनाचा कार्यक्रम दोन ठिकाणी होणार असून, मागच्या पडद्यावरची दृश्ये रेझोल्यूम अरीना या थेट दृश्ये चालवण्याच्या सॉफ्टवेअरमधून संगीताच्या ओघात चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. सिव्हिल लाइन्समधील सभागृहात १९२० × १२०० चा, म्हणजे १६:१० मापाचा प्रोजेक्टर आहे. रेशीमबागेच्या मैदानावर मात्र ६ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच एलईडी वॉल लागेल. तिचे प्रत्येक कॅबिनेट (जोडून वॉल बनते तो सुटा चौकोन) ५०० मिलिमीटर चौरस आणि १२८ × १२८ पिक्सेलचे असल्याने आडवी १२ व उभी ५ मिळून ती १५३६ × ६४० एवढीच भरते. तरीही एलईडीवाले फाइल फोर-केमध्येच (३८४० × २१६०) मागत आहेत.

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भ) दंडार या लोकनाट्यातील नर्तकांची रेषाचित्रे मी १६:९ मध्ये केली आहेत. ती वॉलच्या पूर्ण रुंदीला लावली, तर उंची ८६४ होऊन २२४ ओळी कापल्या जातात आणि नर्तकांची डोकी तरी जातात किंवा पाय तरी. दंडारीत पायच दिसले नाहीत तर उरले काय? उंचीला बसवली, तर दोन्ही बाजूंना सुमारे २०० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. शिवाय एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमधील फाइल उलटी (शेवटाकडून सुरुवातीकडे) चालवताना लॅपटॉप अडखळतो. दोन वेगळे संच करावेत की एकात भागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

फोर-केचा नाद सोडा. त्यात १०८० पीच्या (१९२० × १०८०) चौपट पिक्सेल असतात, आणि तुमच्या वॉलला १०८० पीच्या निम्मेही लागत नाहीत. लॅपटॉपला मात्र तो सगळा भार प्रत्येक लेयरमागे (एकावर एक ठेवलेल्या दृश्यांच्या थरामागे) वाहावा लागतो.

पार्श्वभूमी १९२० × १२०० मध्ये करा, पण महत्त्वाचे सारे मधल्या ८०० ओळींत ठेवा. १९२० × ८०० चा हा पट्टा ८० टक्क्यांवर आणला की नेमका १५३६ × ६४० होतो, त्यामुळे एकच संच दोन्हीकडे चालेल. नर्तक पारदर्शक पार्श्वभूमीसह वेगळ्या लेयरवर घ्या, म्हणजे त्यांचा आकार प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे बसवता येईल. रेषा तीन-चार पिक्सेल जाड हव्यात. एका पिक्सेलची रेषा लहान करताना लुकलुकते. कवितेच्या ओळी मात्र वॉलसाठी तिच्याच मापात नव्याने करा, कारण बारीक अक्षरांतले अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी नाहीसे होतात.

एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम इतर फ्रेमच्या आधाराने साठवलेल्या असल्यामुळे उलट चालवणे जड जाते. डीएक्सव्ही किंवा हॅप या थेट कार्यक्रमांसाठीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल बऱ्याच मोठ्या होतात, म्हणून त्या एसएसडीवर ठेवा. आउटपुट ६० हर्ट्झ असेल तर दृश्ये सेकंदाला ३० फ्रेमची करा, २५ ची नको. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नसल्याने हालचाल किंचित धक्के खाते.

एलईडीवाल्यांना सांगा की १०८० पी सिग्नलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील १५३६ × ६४० एवढा भाग स्केलिंग (चित्र लहान-मोठे करणे) न करता, पिक्सेलला पिक्सेल दाखवावा. मैदानावर पोचताच वर्तुळ आणि चौकटी असलेले चाचणीचित्र लावून पाहा. वर्तुळ लंबगोल दिसले, तर कुठेतरी स्केलिंग सुरू आहे. ते बंद होईपर्यंत तुमच्या बाजूने काहीही बदलू नका.