नववीतल्या मुलाला हंगर गेम्स देऊ का?

रानजाई:
मुलगा नववीत, इंग्लिश मीडियम, वाचन शून्य. डोकं चांगलं आहे, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ, पण पुस्तक हातात दिलं की चार पानांत जांभया सुरू. त्याचे बाबा म्हणतात मागे लागू नकोस, पण मला खरंच वाईट वाटतं, त्याच्या वयाची असताना फास्टर फेणे माझ्या हातातून सुटायचा नाही, तेच त्यालाही आणून दिले तर कपाटात तसेच पडून आहेत. आता भाचीने हंगर गेम्स ही सुझन कॉलिन्सची इंग्लिश कादंबरी सुचवलीय. चाळून बघितलं तर मुलंच मुलांना मारतात असं दिसतंय, देववत नाहीये. कोणी दिलंय का घरी? आणि सुरुवात कशी करून दिली?

गणिताच्या_बाई:
द्या बिनधास्त. मी आठवी-नववीला गणित शिकवते, ऑफ पिरियड मिळाला की हेच पुस्तक काढते. पॅनेम नावाचा देश, त्यात कॅपिटॉल हे श्रीमंत शहर आणि त्याला राबून पोसणारे बारा डिस्ट्रिक्ट. दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा नि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलतात, असे २४ जण एका रानात सोडतात आणि एकच जिवंत उरेपर्यंत सगळं टीव्हीवर दाखवतात. मी गोष्ट इथेच थांबवते आणि फळ्यावर चिठ्ठ्यांचा हिशोब मांडते. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी वाढत जाते. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची, बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं, आणि त्या जादा चिठ्ठ्याही पुढच्या वर्षी तशाच राहतात. गोष्टीची नायिका कॅटनिस १६ वर्षांची, स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी दरवर्षी तीन जादा. तर तिच्या नावाच्या किती? एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा पोरगा सगळ्यात आधी ओरडला, वीस! मग तिचा मित्र गेल, १८ वर्षांचा, घरात पाच माणसं. बेचाळीस. वर्ग एकदम गप्प झाला, कारण ज्याच्या घरात भूक जास्त त्याच्याच चिठ्ठ्या जास्त, हे मी न सांगता त्यांना कळलं होतं. मधल्या सुट्टीत तो पोरगा पुस्तक मागायला आला.

जुना_वाचक:
मारामारीची काळजी बरोबर आहे, पण लेखिका त्यात रमलेली नाही. मला तर पुस्तकात सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते पाणी. कॅटनिसला रानात पाणीच सापडत नाही, बाहेरून मदत पाठवू शकणारा माणूस काहीच पाठवत नाही, तिला आधी संताप येतो आणि मग डोक्यात प्रकाश पडतो, तो पाठवत नाही म्हणजे पाणी जवळच असणार. सापडल्यावरही लगेच पीत नाही, आयोडीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबते, घसा कोरडा पडलेला असताना. रात्री झाडावर चढून स्वतःला पट्ट्याने फांदीला बांधून झोपते. नातवाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो उठून बसला. आणखी एक, सुझन कॉलिन्सने सांगितलंय की हे तिला थोडं मिनोटॉरच्या ग्रीक गोष्टीवरून सुचलं, अथेन्सची सात मुलं नि सात मुली त्या राक्षसापुढे पाठवायचे, आणि थोडं टीव्हीवर चॅनल बदलताना, एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराकचं युद्ध. आपल्याकडे एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर भात आणि रोज एक माणूस जायचाच की. मुलाला ती गोष्ट माहीत असेल तर तिथूनच सुरू करा, पण ह्यात भीम येत नाही हे आधीच सांगून टाका.

तुळशीवृंदावन:
माझं थोडं वेगळं मत. मुलगी १२ ची, खूप हळवी, हंगर गेम्स अर्ध्यात मिटून ठेवलं तिने आणि दोन रात्री माझ्याजवळ झोपली. मग लोइस लावरीचं द गिव्हर दिलं, १९९३ चं आहे, पुस्तक लहानसं, इथे अमेरिकेत बऱ्याच शाळांत लावतात. त्यातल्या गावात युद्ध नाही, भूक नाही, पण रंगही नाहीत, आणि सगळ्या जुन्या आठवणी एकाच माणसाकडे ठेवलेल्या. ते तिने दोन दिवसांत संपवलं. नववीतल्या मुलाला हंगर गेम्स चालेल, पण बारा-तेराच्या मुलांना देताना आधी स्वभाव बघा.

गणिताच्या_बाई:
हे पटलं. आणि रानजाई, पहिला चॅप्टर तुम्ही मोठ्याने वाचा, शेवटच्या ओळीला पुस्तक मिटा आणि त्याच्या हाताशी ठेवून निघून जा. नंतर काय समजलं, काय आवडलं असं काही म्हणजे काही विचारू नका.

रानजाई:
काल जेवणं झाल्यावर वाचला. तो मोबाईल घेऊनच बसला होता, मी काही बोलले नाही. चिठ्ठ्यांचा हिशोब आला तेव्हा मोबाईल उलटा ठेवला. शेवटी धाकट्या बहिणीचं, प्रिमचं नाव निघालं, मी पुस्तक मिटलं आणि ओटा आवरायला गेले. पाच मिनिटांनी मागे येऊन उभा राहिला, "आई, पण तिची तर एकच चिठ्ठी होती ना?" मी नुसती हो म्हटलं. रात्री साडेबाराला त्याच्या खोलीतला लाईट चालूच होता. बाई, दुसरा भाग आत्ताच मागवून ठेवू का?