त्रिनिदाद: उत्तर किनाऱ्याने गोल फेरी एका दिवसात होईल का?

गिरगाव_चौपाटी
एप्रिलअखेर दोघं पाच दिवस त्रिनिदादला जातोय, मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनला. नकाशा बघून केलेला बेत असा. पहिल्या दिवशी माराकास, ब्लांशिसेझ आणि तसंच किनाऱ्याने पुढे ग्राँद रिव्हिएर, तिथे कासवं बघून रात्री परत. दुसऱ्या दिवशी वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ, कारापिचायमाचा हनुमान, ला ब्रेचं डांबराचं तळं आणि कारोनीच्या दलदलीतले पक्षी. बेट गोव्याहून थोडंच मोठं आहे, मग एवढं जमायला हरकत नाही ना? गाडी घ्यावी की मॅक्सी (तिथल्या मिनीबस) पुरतील?

घाटवाट
पहिला दिवस जमणार नाही. ब्लांशिसेझच्या पुढे गाडीरस्ताच नाही. तिथून मातलोपर्यंत जंगलातली पायवाट आहे आणि ती चालायलाही बहुतेक लोक दोन दिवस घेतात. ठाणे आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात, पण मधे नॅशनल पार्क असल्याने घोडबंदरचा वळसा पडतो, तसंच हे.

बेटाची रचना लक्षात घेतली की रस्ते आपोआप कळतात. उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग आहे, सर्वात उंच एल सेरो देल आरिपो, ९४० मीटर. तिच्या दक्षिण पायथ्याने चर्चिल-रूझवेल्ट हायवे पूर्वेला जातो. त्याला फाटा फुटून उरिया बटलर हायवे चाग्वानासपर्यंत आणि पुढे सॉलोमन होचॉय हायवे सान फर्नांडोपर्यंत. म्हणजे आडवी एक आणि उभी एक, अशा दोनच मुख्य वाटा. सगळी वाहतूक त्यांच्यावर, त्यामुळे ४,७६८ चौरस किलोमीटरचं बेट असलं तरी वेळ गोव्यापेक्षा जास्त जातो.

माराकासला मारावालवरून सॅडल रोड आणि मग नॉर्थ कोस्ट रोड. चांगला रस्ता आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम टोकाचं चाग्वारामास अमेरिकन नौदलाकडे गेल्यावर त्याची भरपाई म्हणून अमेरिकनांनीच बांधून दिला. ब्लांशिसेझहून आलात तसे परत फिरा, नाहीतर डोंगर ओलांडून अरिमाला उतरा. हा दुसरा रस्ता अरुंद आणि सतत वळणांचा आहे. दरड आली तर अर्ध्यातून मागे फिरावं लागतं, म्हणून उजेडातच पार करा आणि टाकी शहरातच भरून निघा. माराकासला लाटांचा ओढा जबर असतो, निशाणांच्या आतच पोहायचं. त्याच रस्त्यावर पुढच्या लास क्वेवासच्या किनाऱ्याला पाणी शांत, पण संध्याकाळी वाळूतल्या चिलटांनी हैराण व्हाल.

ग्राँद रिव्हिएर वेगळा दिवस धरा आणि रात्र तिथेच काढा. रस्ता अरिमा, व्हॅलेन्सिया, तोको असा पूर्वेकडून, साधारण अडीच-तीन तास. लेदरबॅक कासवं रात्री अंडी घालतात आणि मार्च ते ऑगस्ट रात्री किनाऱ्यावर जायला वनखात्याचा परवाना लागतो. सोबत गाइड हवा, पांढऱ्या उजेडाचा टॉर्च चालत नाही. हे सगळं आटोपून रात्री तोकोच्या वळणांवरून परत निघणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

शेअर_टॅक्सी
मॅक्सीबद्दल. ही आपल्या शेअर टॅक्सीसारखी, फक्त मिनीबस. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. कुठे जाते ते अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखायचं:
पिवळा: पोर्ट ऑफ स्पेनचा पश्चिम भाग
लाल: पूर्वेकडे, अरिमा आणि सांग्रे ग्रांदे
हिरवा: चाग्वानास, सान फर्नांडो
काळा: प्रिन्सेस टाउन
तपकिरी: सान फर्नांडोपासून ला ब्रे, पॉइंट फोर्टिन
निळा: टोबॅगो (शेजारचं बेट)

लाल आणि हिरव्या साउथ क्वेवरच्या सिटी गेटहून सुटतात. ते पूर्वीचं रेल्वे स्टेशन. रेल्वे १९६८ साली बंद झाली आणि पूर्वेकडच्या रुळांच्या जागी बसमार्ग झाला, त्यावर खासगी गाड्यांना मनाई. म्हणून सकाळी बसमार्गाने जाणारी लाल मॅक्सी कारपेक्षा आधी पोचते. मात्र काही लाल मॅक्सी ईस्टर्न मेन रोडने थांबत-थांबत जातात, चढण्याआधी विचारा. सरकारी बसचं तिकीट आत मिळत नाही, आधी काढावं लागतं.

टॅक्सी म्हणून फक्त एच नंबरप्लेटचीच धरा. पी म्हणजे खासगी, आर म्हणजे भाड्याने घेतलेली.

दक्षिणेचा दिवस मॅक्सीने करू नका, प्रत्येक ठिकाण हायवेपासून आत आहे. उत्तर किनारा आणि तोकोलाही गाडीच बरी. गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणजे हात बसलेला आहे. मुंबईच्या आरटीओकडून आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) काढून घ्या आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा.

गिरगाव_चौपाटी
मग दक्षिणेचा क्रम कसा लावू? कारोनीहून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकू का?

घाटवाट
उलट. सकाळी गर्दी शहरात येते, संध्याकाळी बाहेर पडते. तुमची दिशा दोन्ही वेळी विरुद्ध. आधी थेट ला ब्रे गाठा. तळ्यावर अधिकृत गाइडशिवाय उतरू नका: पृष्ठभाग बहुतेक कडक, पण मऊ जागा बदलत राहतात आणि पाय रुततो. तळं सुमारे ४० हेक्टर आहे. गावातला रस्ताही डांबर खालून सरकत असल्याने लाटांसारखा वरखाली होतो, वेग कमी ठेवा. परतीत कारापिचायमाची ८५ फुटी मूर्ती, मग वॉटरलू. ओहोटीला देवळाभोवती नुसता चिखल दिसतो, तेव्हा भरतीची वेळ आधी बघा. कारोनीच्या होड्या साधारण चारला सुटतात, कारण लाल आयबिस सूर्यास्तालाच झाडांवर उतरतात. उशीर झाला तर वॉटरलू सोडा, कारोनी नको.

पिवळं_कार्ड
एक मुद्दा सगळ्यांनी सोडला: यलो फीवर (पीतज्वर). त्रिनिदादहून येणाऱ्यांना भारतात उतरताना त्याच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस किमान दहा दिवस आधी आणि अधिकृत केंद्रातच, इतर कुठल्या दवाखान्याचा कागद चालत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. आणि अमेरिकेतून फक्त विमान बदलणार असाल तरी तिथला व्हिसा लागतो.

टोबॅगोला विमान वीस-पंचवीस मिनिटांचं, फेरीबोट साडेतीन-चार तासांची आणि समुद्र खवळलेला. पाच दिवसांत फेरीवर दिवस घालवायचा नसेल तर विमानच.

शेअर_टॅक्सी
आणि माराकास रविवारी नको, अख्खं शहर तिकडेच असतं.