आंबा, अननस, केळं, नारळाचं दूध: घरच्या स्मूदीचे तुमचे अनुभव

स्मूदीच्या कृती ढिगाने सापडतात. हे एक वाटी, ते अर्धी वाटी, फिरवा आणि प्या. पण ती कधी पाणचट होते, कधी कडू, कधी अर्ध्या तासात तिचा खरवडून काढावा असा गोळा होतो, आणि असं का झालं हे कृतीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते रोज करणाऱ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून हा धागा. गरम हवेतली कोणतीही फळं चालतील. तुम्ही काय घालता, काय घालायचं सोडून दिलंत आणि का, ते लिहा. नुसतं 'मस्त लागते' नको, प्लीज.

सुरुवात माझ्यापासून. दोघांपुरती: एक गोठवलेलं केळं, एक वाटी आंब्याच्या फोडी, अर्धी वाटी अननस, पाऊण वाटी नारळाचं पातळ दूध, वर थोडं लिंबू पिळायचं. साखर नाही, बर्फ नाही. बर्फावर माझा राग आहे. तो फिरताना वितळतो आणि शेवटचे चार घोट फळाच्या वासाचं पाणी उरतं. गारवा फळानेच आणायचा, एवढा एक नियम मी पाळते, बाकी प्रमाण रोज बदलतं.

फोडीवाला

गोठवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण अर्धी स्मूदी तिथेच ठरते.

केळं सोलून गोठवा. सालीसकट ठेवलं तर साल काळी पडून गराला चिकटते आणि सुरीने तासत बसावं लागतं. सालीवर तपकिरी ठिपके आले की मग सोला. तोवर स्टार्चची साखर झालेली असते. हिरवट केळं फ्रीझरमध्ये पिकत नाही, हिरवटच गोठतं, आणि स्मूदीत तोंडाला तुरट बसतं. बोटभर जाडीच्या चकत्या करून ताटलीत सुट्या पसरायच्या, कडक झाल्या की मगच पिशवीत भरायच्या. एकदम पिशवीत कोंबल्या तर वीट तयार होते. आंबा आणि अननसाचंही असंच.

गोठलेल्या केळ्याला जो मऊ, दाट पोत येतो तो ताज्या केळ्याला येत नाही. आइसक्रीम न घालता आइसक्रीमसारखं लागतं ते त्यामुळेच.

कडूगोड

माझा प्रश्न आहे. अननस, केळं आणि दूध. फिरवल्याबरोबर प्यायले तर छान. अर्धी बाटलीत भरून ऑफिसला नेली तर दुपारी कडूजहर. दूध नासलं म्हणावं तर वास चांगला होता. केळ्यामुळे होतं का?

तळ्यात_मळ्यात

@कडूगोड, केळं निर्दोष आहे हो. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनांचे तुकडे करतं. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन, त्याचे जे छोटे तुकडे होतात त्यातले बरेच चवीला कडू असतात. जितका वेळ ठेवाल तितका कडवटपणा वाढतो. फ्रीजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. फळ गोठवूनही एन्झाइम मरत नाही, नुसतं झोपतं. उष्णतेने मात्र ते निकामी होतं. म्हणूनच डब्यातल्या अननसाने हा त्रास होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. ताज्या अननसावर जिलेटिनची जेली सेट होत नाही तेही याच कारणाने.

तीन वाटा आहेत. एक, लगेच प्या. दोन, फोडी थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा, पण मग ताज्या अननसाचा तो झणका जातो. तीन, दुधाऐवजी नारळाचं दूध घ्या. त्यात प्रथिन अगदी थोडं असल्याने कडवटपणा जाणवत नाही. मी तिसरी वाट धरली आहे. किवी वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, त्यातही असंच एन्झाइम आहे.

कडूगोड

अच्छा! आणि मी रोज दुधाची पिशवी बदलत बसले होते. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती पण यानेच का?

तळ्यात_मळ्यात

त्यातला मोठा वाटा याचाच. शिवाय आंबटपणा असतोच.

मोटारवाले_काका

मिक्सर दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे चवीबद्दल बोलत नाही, यंत्राबद्दल बोलतो. मंडळी, आधी पातळ पदार्थ, मग मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेल्या फोडी. उलट भरलंत तर पात्याभोवती फोडी अडकतात, किंवा पात्याभोवती हवेची पोकळी होते. पातं गरगर फिरतं आणि वरचा माल जागचा हलत नाही. अशा वेळी वेग वाढवून उपयोग शून्य. बंद करा, प्लग काढा, चमच्याने ढवळा, दोन घोट द्रव घाला. चालू भांड्यात चमचा घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे चमचेही.

सुरुवातीला थोडं थोडं थांबत फिरवा, फोडी फुटल्या की मग सलग. फार वेळ फिरवू नका. मोटार तापते आणि पात्याच्या घर्षणाने स्मूदीही कोमट होते. मध्येच मिक्सर गप्प झाला तर लगेच जळला म्हणून हाय खाऊ नका. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी छोटं लाल बटण असतं. जास्त भार आला की ते स्वतःहून सुटतं. भांडं काढून मिक्सर गार होऊ द्या, बटण आत दाबा, चालतो.

एक जाता जाता. भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवायची कल्पना १९२२ सालची, स्टीफन पॉपलॉस्की यांची, माल्टेड दूध घुसळण्यासाठी. म्हणजे मूळ काम पातळ वस्तू घुसळण्याचं. तुमच्या गोठलेल्या विटा फोडण्याचं नाही.

जारभर

पपईवाले कोणी नाही का इथे? मी आहे. पिकलेली पपई, संत्र्याचा रस, आल्याचा छोटा तुकडा आणि भरपूर लिंबू. पपईचा जो एक उग्र वास काहींना सहन होत नाही तो लिंबाने बराच दबतो. पण ही स्मूदी ठेवायची नाही. पेक्टिनमुळे (फळातला जेलीसारखा घट्टपणा आणणारा घटक) ती घट्ट होत जाते आणि काही वेळाने ओतताच येत नाही. आमच्याकडे उरलेली मुद्दाम वाटीत ठेवतात आणि चमच्याने खातात. मुलांना तीच जास्त आवडते, काय करणार.

साखरनको

मधुमेह आहे, त्यामुळे मी आकडे घेऊन आलोय, राग मानू नका. मध्यम केळ्यात साधारण १४ ग्रॅम साखर, वाटीभर (सुमारे १६५ ग्रॅम) आंब्यात २२-२३, अर्ध्या वाटी अननसात ८. धागाकर्तीची कृती दोघांत वाटली तर माणशी बावीसेक ग्रॅम. एकट्याने संपवली तर पंचेचाळीस. ग्लास तोच दिसतो, फरक केवढा!

द्रव म्हणून फळांचा रस घालणं मी बंद केलं. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत धरते, आणि या सगळ्या मोकळ्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी असं सांगते. (जारभर, तुमच्या संत्र्याच्या रसाकडे बघतोय.) मी पाणी किंवा बिनसाखरेचं दही घेतो, आंबा निम्मा करतो, आणि हे जेवणासोबत, जेवणाच्या हिशेबात. वरून कधीच नाही. जेवणानंतर मोजतो तेव्हा माझ्या मीटरवर फरक स्पष्ट दिसतो. तुमचं शरीर वेगळं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

जारभर

@साखरनको, बघा बघा. उद्या अख्खं संत्रं सोलून घालते, मग तर झालं?

साखरनको

बिया काढून. हो, झालं.

एकफळी

माझं मत लोकांना पटत नाही, तरी लिहिते. चांगला आंबा हाताशी असेल तर त्यात काहीही मिसळू नये. आंबा, थोडं दही, चिमूटभर मीठ. पाच फळं एकत्र केली की सगळ्यांची मिळून एकच पिवळी चव होते आणि मग त्यात कोण कोण होतं हे यादी वाचून कळतं. मिठाने गोडवा उठतो, कडवटपणा मागे सरतो. आणि चव गार झाल्यावर बघा. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे कोमट असताना 'पुरे गोड आहे' वाटलेली स्मूदी गार झाल्यावर फिकी वाटते. रेषा असलेला आंबा असेल तर गाळून घ्या.

धागाकर्ती

@एकफळी, आंब्यापुरतं मान्य. पण नुसत्या अननसाची स्मूदी म्हणजे फेसाळ रस. त्याला अंग द्यायला केळं हवंच.

पाळीसंपली

रुग्णालयात काम करते, म्हणून दोन कोरड्या गोष्टी. ज्यांना रबरी हातमोज्यांची, म्हणजे लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना केळं, पपई, किवी, अ‍ॅव्होकाडो यांनीही तोंड खाजतं, ओठ सुजतात. असं झालं तर 'आंबट असेल' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेली स्मूदी चमचाभरसुद्धा देऊ नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

फोडीवाला

नारळाचं दूध वापरणाऱ्यांना विचारायचं होतं. माझ्या स्मूदीत मेणासारखे पांढरे कण येतात. फुटलं म्हणायचं का?

तळ्यात_मळ्यात

फुटलेलं नाही. खोबरेलाची चरबी साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होते. तुम्ही दाट दूध गोठलेल्या फोडींवर ओतता, ती तिथल्या तिथे आळते. पातळ दूध घ्या, किंवा दाटच हवं असेल तर त्यात निम्मं शहाळ्याचं पाणी मिसळा. कण कमी होतील. चवीला तसेही निरुपद्रवी.

नवीनच

पॅशनफ्रूट पहिल्यांदा आणलंय. बियांसकट फिरवायचं का?

एकफळी

नको. बिया फुटल्या की काळा चुरा होतो आणि दाताखाली वाळूसारखा कचकचतो. फळ अर्धं कापून गर चमच्याने काढा, मिक्सरमध्ये अगदी क्षणभर फिरवा, बिया गरापासून सुटतील एवढंच. मग गाळण्यावर चमच्याने दाबून गाळा. किंवा तेवढाही खटाटोप नको असेल तर बाकी स्मूदी ग्लासात ओतून झाली की गर तसाच वर घाला. साल सुरकुतलेली असेल तर फेकू नका, असं फळ जास्त गोड निघतं.