क्वायर = समूहगान, वृंदगान की कोरस?

आम्ही सोसायटीतले काही जण हौस म्हणून एकत्र गातो, ऑडिशन वगैरे नाही, येईल त्याला घेतो. कार्यक्रमाच्या पोस्टरवर मराठीत काय लिहावं? समूहगान म्हटलं की शाळेतली स्पर्धा डोळ्यापुढे येते, कोरस म्हटलं तर सिनेमातल्या गाण्यात मागे आऽऽ करणारे. आणि रेपर्टरीला, म्हणजे आमच्या तयार असलेल्या सगळ्या गाण्यांना, काय म्हणता? भांडार फार जड होतंय.

— समूहगानात शंभर जण असले तरी चाल एकच. सोप्रानो, आल्टो (बायकांचा वरचा नि खालचा), टेनर, बास (पुरुषांचा वरचा नि खालचा) असे आवाज वेगवेगळ्या ओळी गात असतील तर वृंदगान म्हणा, ऑर्केस्ट्राला वाद्यवृंद रुळलाय तसाच. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर काढली ती असल्या गाण्यासाठीच. गायकवृंद हाही छान शब्द आहे. एक विनंती, क्वायरच लिहा, कॉयर नको, कॉयर म्हणजे नारळाचा काथ्या!

— चार आवाज नाहीत हो, दोनच. मांडो हा गोव्याचा गाण्याचा प्रकार बसवलाय, घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिन साथीला. वरचा आवाज ग म प असा चढतो तेव्हा खालचा सा रे ग धरतो, आणि खालच्यांना वरच्यांकडे ओढलं न जाता आपली ओळ सांभाळायची हे फार अवघड जातं पण एकदा जमलं ना की अंगावर काटा येतो.

— मग वृंदगानच! दोन आवाज असले तरी ओळी वेगळ्या आहेत ना. कोरस शब्दाचे अर्थ मात्र बरेच आहेत. हँडल या संगीतकाराचा हालेलुया कोरस ही रचना, ती गाते ती क्वायर. आणि एकाने गायचं, बाकीच्यांनी ओळ उचलायची, त्याला आपल्याकडे झील आहेच की, पोवाड्यात शाहिरामागे जी जी रं जी करणारे झीलकरी. इतका नेमका शब्द आपण पोवाड्यापुरताच ठेवलाय याचं मला खरंच वाईट वाटतं. हां, झील ओढणे म्हणजे हांजी हांजी करणे असाही अर्थ आहे, तेव्हा पोस्टरवर जपून.

रेपर्टरीला बोलताना 'आमची बसलेली गाणी' यापेक्षा चांगलं काही नाही, तालीम झालीय हे त्यातच आलं. लिहिताना 'गाण्यांचा साठा' चालेल, गवयाकडे बंदिशींचा साठा असतो म्हणतोच आपण.

— झकास, 'हौशी वृंदगान' नक्की केलं. आता अकापेलाला काय?

— बिनसाथीचं गाणं.