मदत हवी आहे: न्यूयॉर्कला जायला साडेपाच तास आणि यायला पंचवीस?

मंडळी, बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीला आहे, त्यामुळे आई (वय ६८) पहिल्यांदाच विमानात बसतेय, तेही एकटी. डिसेंबरचं थेट विमान बघितलंय. जाताना मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि न्यूयॉर्कला सकाळी ७ ला उतरतं, तारीख तीच. येताना तिथून सकाळी ११:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०. आईने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "येताना काय बोटीने आणणार का मला?"

घड्याळात फरक असतो एवढं कळतं, पण हिशोब जुळेना. अंतर साडेबारा हजार किमी म्हणतात, ते नक्की कुठल्या वाटेने? आणि खरी काळजी गोळीची. बीपीची गोळी सकाळ-रात्र आठला असते. विमानात कुठले आठ धरायचे?

सहारचा शेजारी: तिकिटावरच्या वेळा एकमेकांतून वजा करूच नका, दोन्ही स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. तिथले सकाळचे ७ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०, म्हणजे जाताना १६ तास. परत निघताना आपल्याकडे रात्रीचे १० झालेले असतात, तिथून १२:३० पर्यंत साडेचौदा.

उनाड भूगोल: हा दीड तासाचा फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. पृथ्वी खालून फिरते म्हणून वगैरे कुणी सांगेल, ऐकू नका, हवाही तिच्याबरोबरच फिरते.

वाट बघायला सपाट नकाशा नको, पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड करत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी जातो. हे झाले साडेबारा हजार. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना वळसा पडतो. तेव्हा वेळ थोडी सैलच धरा.

वहिनी_ठाणे: आईंच्या हातात एक घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू दे. रात्री आठची गोळी घरी घेऊन निघायचं. सकाळी आठची विमानात, सुटल्यावर साडेसहा तासांनी. पुढची आपल्या रात्री आठची, म्हणजे तिथे सकाळी साडेनऊ, तोवर लेकीच्या घरी किंवा वाटेत. तिथल्या वेळेवर कसं सरकायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळावर वाट विचारत फिरणं नको.

आणि तारीख! १२ तारखेचं १:३० म्हणजे ११ च्या रात्री घर सोडायचं. आमचे मामा १२ च्या रात्री बॅगा घेऊन पोचले होते, विमान जाऊन वीस तास झालेले.

धागाकर्ता: वहिनी, वाचवलंत. मी टॅक्सी १२ च्याच रात्रीची सांगून बसलो होतो, आत्ता फोन करून बदलली. आईने बाबांचं जुनं एचएमटी काढलंय. चालू आहे, फक्त पट्टा सैल होतोय. उद्या एक भोक वाढवून आणतो.